कोल्हापूरला येताय? आधी वार बघा

गेल्या अंकात शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की सुट्टीत कोल्हापूरला येणार असाल तर खाण्याचे आणि खरेदीचे प्रश्न पाठवा, मी मंगळवार पेठेत वाढलेली बाई आहे, जमेल तसं सांगीन. तर पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप असं सगळं मिळून एवढं आलंय की संपादक म्हणाले, बाई, आता अंकच तुमच्या नावावर करू का. निम्म्या पत्रांत एकच विचारलंय, तिथं फेमस काय? फेमस म्हणून सांगायला पाच नावं पुरतात आणि ती पाचही तुमच्या फोनमध्ये आधीच असतात. पाहुणे इथं नावाला फसत नाहीत, वेळेला फसतात. मिसळ दुपारी चारला शोधायची, मटण सोमवारी खायचं, गूळ जुलैत घ्यायचा, आणि मग 'एवढं काय नाही बुवा कोल्हापुरात' म्हणत परत जायचं. म्हणून आज प्रश्न कुठलाही असला तरी मी आधी कॅलेंडर काढणार आहे, चालवून घ्या.

प्रश्न: ताई, आम्ही शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघतोय, शनिवारी सकाळी कोल्हापूर आणि रविवारी रात्री परत. आम्ही दोघं, सासू-सासरे आणि सहा वर्षांचा मुलगा. सासूबाई शनिवार पाळतात, मुलाला तिखट अजिबात चालत नाही आणि सासरे मात्र तांबडा-पांढरा एवढ्यासाठीच येतायत. सगळ्यांचं कसं बसवायचं? (ठाण्याहून एक सूनबाई)

उत्तर: सूनबाई, तुमचं अर्धं काम सासूबाईंनीच करून ठेवलंय. शनिवार त्यांचा म्हणजे शनिवार सगळ्यांचाच, आणि मटण रविवारी दुपारी. कोल्हापुरात मटणाचे वार बुधवार, शुक्रवार, रविवार. हॉटेलात रोज मिळतं, नाही असं नाही, पण रविवारी सकाळी इथल्या कुठल्याही पेठेत मटणाच्या दुकानापुढं पिशव्या घेऊन उभी राहिलेली रांग बघा, त्या दिवशी गावात जे शिजतं त्याची चवच वेगळी.

शनिवारी सकाळी उतरलात की सामान टाकून आधी अंबाबाईचं दर्शन घ्या, मग मिसळ. मुलाला तिथं मिसळ देऊ नका, बटाटावडा आणि ब्रेड द्या आणि वड्यावर कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, नको म्हणून आधीच सांगा, नाहीतर पोरगं रडेल आणि तुमची मिसळ गार होईल. दुपारी भवानी मंडप, जवळच चप्पल लाईन आणि गुजरी, सगळं चालत होण्यासारखं आहे. ऊन उतरलं की खासबाग मैदान बघून घ्या. शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेलं कुस्तीचं मैदान आहे, त्याच्या आसपासच खाऊची गर्दी आणि राजाभाऊंची भेळ. भेळेत आम्ही चुरमुरे म्हणतो हां, कुरमुरे म्हणालात की भेळवाला गालातल्या गालात हसतो. मग रंकाळ्यावर जरा बसायचं.

रात्री सासऱ्यांना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर न्या. म्हशी तिथंच उभ्या असतात, तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास हातात देतात, कोमट, वर मिशी उमटेल एवढा फेस. त्या भागात तालमी आहेत, पैलवानांचं गाव आहे, त्यामुळं दुधाला इथं चहापेक्षा मान. पण ते कच्चं दूध आहे, ज्यांना सवय नाही त्यांनी आणि लहान पोरांनी नुसतं बघावं असं माझं मत. ट्रेनमध्ये पोट बिघडलं तर मला शिव्या घालू नका.

रविवारी मात्र साडेबाराच्या आत टेबल धरा. पद्मा गेस्ट हाऊस, ओपल, परख, देहाती ही नावं तुम्हाला कुणीही सांगेल आणि त्यात चूक काही नाही, पण एक-दीड वाजता गेलात तर बाहेर उभं राहून दुसऱ्यांच्या ताटाचा वास घ्यायचा. ताट आलं की सासऱ्यांना सांगा, पांढरा रस्सा भाताशी कालवायचा नाही, आधी वाटी तोंडाला लावून प्यायचा. मटण शिजवलेलं पाणी असतं त्यात, वर नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू आणि अख्खा मसाला, जीभ भाजत नाही पण घसा शेकतो. तांबडा भाकरीबरोबर. वाटी संपली की परत मागायची, लाजायचं नाही, रस्सा वाढायला कुणी नाही म्हणत नाही. आणि मुलासाठी वेटरला 'आळणी' विचारा. मटण नुसतं मीठ-हळद-आल्या-लसणात शिजवतात ना, त्याचं पाणी आणि चार मऊ तुकडे, तिखट पडायच्या आधी काढलेले. कोल्हापुरातली सगळी पोरं या आळण्यावरच मोठी होतात, पहिलीपर्यंत आळणी, मग हळूच एक चमचा तांबडा.

एक राहिलं, येण्याच्या तारखा ठरवताना नवरात्र आणि किरणोत्सव बघा. नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि मग 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचतात ते बघायला सगळं गाव लोटतं. बघायला सुंदर आहे, पण म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या दिवसांत महाद्वार रोडवर खरेदी? नको.

प्रश्न: कोल्हापूरच्या मिसळीबरोबर पाव का देत नाहीत? आणि सगळीच एवढी जाळ असते का? (एक पुणेकर)

उत्तर: का ते तुम्ही विचारायचं आणि आम्ही सांगायचं असं काही नाही, आमच्याकडं ब्रेडच. जाड कापलेला स्लाईस ब्रेड कटात बुडवला की स्पंजासारखा सगळा रस ओढून घेतो, पाव नुसता वरून ओला होतो. आणि तुमच्याकडचं 'सँपल' इथं मागू नका, 'कट' म्हणा. जाळ म्हणाल तर रंगावर जाऊ नका, लाल तवंग दिसतो तेवढं तिखट नसतं, त्यात खोबरं, कांदा-लसूण भाजून घातलेला असतो, गोडसर खमंगपणा असतो. ज्या मिसळीत नुसतं तिखटच लागतं ती वाईट मिसळ, मग दुकानावर पाटी कुठलीही असो. उद्यमनगरातली फडतरे, महाद्वार रोडच्या बाजूची चोरगे, बावडा, यांचे आपापले भक्त आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. मी कुणाची ते सांगणार नाही, मला याच गावात राहायचंय. फक्त सकाळीच जा. दुपार कलली की कट आटतो, खारट होतो, आणि मग 'एवढं काय नाही'.

प्रश्न: मागच्या वर्षी कोल्हापुरात रस्त्यालगतच्या एका दुकानातून अस्सल म्हणून दोन जोड चपला घेतल्या, माझी आणि मिस्टरांची. नाशिकला येऊन पंधरा दिवसांत तळ सुटला, आत बघते तर पुठ्ठ्यासारखं काहीतरी. दुकानदार सांगत होता शंभर टक्के लेदर. आता परत येतोय, ओळखायचं कसं? शिवाय एकानं सांगितलं की त्या अथणीच्या असतील म्हणून डुप्लिकेट, हे खरं का? (नाशिकच्या वाचक)

उत्तर: आधी ते अथणीचं मनातनं काढून टाका. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. अथणी बेळगाव जिल्ह्यात येतं आणि तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतायत. तुमची चप्पल सीमेपलीकडची होती म्हणून नाही सुटली, ती चिकटवलेली होती म्हणून सुटली.

दुकानात गेलात की सगळे वरचा पट्टा बघतात, गोंडा बघतात, रंग बघतात. तुम्ही जोडी उलटी करा. खऱ्या चपलेत खिळा नसतो, तळाचे थर चामड्याच्याच वादीनं शिवलेले असतात आणि ती शिवण खालून दिसते, जराशी वाकडीतिकडी, हातानं घातलेली. मग कड बघा, तळाची बाजू. चामडं असेल तर कडेला तंतू दिसतात, पुठ्ठा किंवा रेक्झीन असेल तर कड गुळगुळीत आणि त्यावर रंग फासलेला. मग वास घ्या. लोक काय म्हणतील याचा विचार न करता खरंच नाकाला लावा. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याला एक तुरट, झाडपाल्यासारखा वास असतो, आणि चिकटवलेल्या मालाला सोल्युशनचा, पंक्चरच्या दुकानात येतो तसा. एवढं केलंत की दुकानदारालाही कळतं समोरचं गिऱ्हाईक कसं आहे, तो आपणहून आतला माल काढतो. दोन-अडीचशे रुपयात अस्सल चामड्याची जोडी कुणी देत असेल तर त्याला हात जोडा आणि पुढं चला.

पैसे का पडतात ते मला सुभाषनगरात एका कारागिराच्या दारात बसल्यावर कळलं. ओळखीतून गेले होते, नुसतं बघायला. घरातली मावशी वेणी घालत होती, म्हणजे पट्ट्यावर जी बारीक चामड्याची वेणी असते ना, ती. चामड्याची पट्टी भिजवून मऊ केलेली, रापीनं तिच्या अशा बारीक वाद्या काढलेल्या की मला वाटलं दोराच आहे. एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं आणि दोन्ही हात चाललेत, नजर माझ्याकडं, गप्पा मारतेय, नातीच्या शाळेचं सांगतेय आणि वेणीचा एक पेड चुकत नाही. नवरा पलीकडं तळ ठोकत बसलेला, आरीनं भोक पाडायचं, वादी ओवायची, ओढायची, परत ठोकायचं. मी दीड-दोन तास बसले असेन, तेवढ्यात एका जोडीचे कानसुद्धा बसले नव्हते. कान म्हणजे बाजूचे ते दोन तुकडे, ज्यांत पट्टा अडकतो. चपलेला अंगठा असतो, कान असतात, वेणी असते, टाच असते, सगळी माणसाचीच नावं.

प्रकार बरेच आहेत. कागल तालुक्यातल्या कापशी गावच्या नावाची कापशी चप्पल वेगळी, तिचे कान मोठे, रुबाब मोठा. कुरुंदवाडी वेगळी, पुकरी वेगळी. पुरुषांना करकर वाजणारी हवी असते, तर तसं आधी सांगा, बायका सहसा नको म्हणतात आणि मी मात्र मुद्दाम वाजणारी घेते.

माप घट्ट घ्या. दुकानातच आरामात वाटली तर महिन्यात सैल होऊन टाचेतनं निसटणार, चामडं ताणतं. पहिले आठ दिवस चावते, रोज तासभर घरात घाला, पट्ट्याला आतून खोबरेल किंवा एरंडेल चोळून रात्रभर ठेवा. पावसात घालू नका. भिजलीच तर उन्हात नाही, सावलीत वाळवा, उन्हात वाळली की पापडासारखी वाकते. म्हणून चपलेचा सीझन दसऱ्यानंतर. कुणी जुलैत चप्पल घ्यायला येतं तेव्हा मला त्या चपलेचीच दया येते.

प्रश्न: इटलीच्या प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवल्यापासून किंमती वाढल्यात असं ऐकलं, खरं का? (सोलापूर)

उत्तर: जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये ती चप्पल चालली, नाव कुठं नव्हतं, मग इकडं बोंब झाली आणि कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा भारतातल्या पारंपरिक चपलेची. तेव्हापासून दुकानात 'प्राडावाली दाखवा' म्हणणारी गिऱ्हाईकं येतात एवढं मी डोळ्यांनी बघितलंय. दुकानदार शांतपणे तीच नेहमीची दाखवतात, दुसरी आहेच कुठं. भाव करायचा तर करा, पण वेणीची चप्पल असेल तर माझ्या त्या मावशीचा अंगठा आठवून जरा कमी करा.

प्रश्न: सुनेला लग्नात कोल्हापुरी साज घालायचा आहे. कोल्हापूरला येऊनच घ्यावा की इथं संभाजीनगरात करून घ्यावा? साजात एकवीस पानं असतात म्हणतात, दुकानात तर दहा-बाराच दिसतात. फसवतात का? (एक सासूबाई)

उत्तर: फसवत नाहीत. जुन्या पद्धतीत एकवीस पानं सांगतात, दशावताराची, अष्टमंगलाची, आणि ताईत. आता सोन्याचे भाव बघता निम्म्या पानांवर भागवतात, आणि नाजूक गळ्याला तेच बरं दिसतं. पानं बघताना एकेक ओळखून बघा, मजा येते. मासा, कासव, चंद्र, शंख, नाग, बेलपान, भुंगा, वाघनख, मधे लाल खड्याचं पदक. मधले जाळीचे मणी एकसारखे आहेत का बघा, हलका कारागीर तिथंच उघडा पडतो.

पण सासूबाई, खरं विचारायचं ते वेगळंच आहे. साजाची पानं आतून भरीव सोन्याची नसतात, पातळ पत्र्याच्या आत लाख भरलेली असते. ती असायलाच हवी, नाहीतर पान दाबलं की चेपेल. पण तुम्ही पावती मागताना सोन्याचं वजन वेगळं आणि लाखेचं वेगळं लिहून घ्या, हॉलमार्क बघा, मजुरी किती तेही आधीच विचारा. आमच्या नात्यातल्या एकीनं हे केलं नाही, दहा वर्षांनी मोडायला काढला तेव्हा लाख वजा होऊन जो आकडा आला त्यावर ती आठ दिवस जेवली नाही. सोनाराची चूक नव्हती, तिनं विचारलंच नव्हतं.

कोल्हापूरला या असंच मी सांगीन. महाद्वार रोडला लागून गुजरी आहे, सराफांची गल्ली, एका दुकानात पटलं नाही तर शेजारी दुसरं, आणि साज, ठुशी हे त्यांचं रोजचं काम आहे. लग्न मे महिन्यात असेल तर जानेवारीतच या, लग्नसराईत कारागिराला उसंत नसते आणि घाईतल्या कामात मणी पुढं-मागं होतात. रोजच्या वापराला एक ग्रॅमवाला साज घेऊन ठेवा, त्यात कमीपणा काही नाही, माझ्याकडं आहे. आणि पैंजण, जोडवी, चांदीचं काही घ्यायचं असेल तर हुपरी अर्ध्या-पाऊण तासावर आहे, गावच चांदीचं, घराघरात काम चालतं.

प्रश्न: आम्ही जैन आहोत, कांदा-लसूणही नाही. लोक म्हणतात कोल्हापुरात तुमचं काय काम. खरंच उपाशी राहावं लागेल का? (अहिल्यानगर)

उत्तर: असं म्हणणाऱ्यांना कोल्हापूर जिल्हा माहीतच नाही. इथं जैन समाज मोठा आहे, गावोगाव बस्त्या, म्हणजे जैन मंदिरं, आहेत, बऱ्याच शाकाहारी हॉटेलांत 'जैन' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. फक्त मेनूकार्डावर 'व्हेज कोल्हापुरी' दिसलं तर मागवू नका, ते बाहेरच्यांनी आमच्या नावावर खपवलेलं काहीतरी लाल आहे, आमच्या घरात तसली भाजी होत नाही. दावणगिरी लोणी डोशाच्या गाड्या आहेत, डोसा मऊ, जाळीदार, वर लोण्याचा गोळा वितळत असतो, त्यातली बटाट्याची भाजी मात्र तुम्ही नको म्हणा आणि चटणीत काय आहे ते विचारा. सोळंकींचं कॉकटेल आइस्क्रीम खा, नावाला घाबरू नका, त्यात फळं असतात. वेळ असला तर नरसोबावाडीला जा, बासुंदी आणि कवठाची बर्फी. कवठाची बर्फी इतरत्र सहसा दिसत नाही, आंबट-गोड, एक खाऊन थांबता येत नाही.

प्रश्न: परत येताना गूळ आणि कोल्हापुरी चटणी आणायची आहे. मागच्या वेळी पिवळाधमक सुंदर गूळ आणला, चहा फुटला. आणि चटणी मागितली तर दुकानदारानं मसाला दिला. (नागपूर)

उत्तर: दुकानदारानं बरोबर दिलं. आमच्याकडं चटणी म्हणजे तोच, कांदा-लसूण घातलेला लाल मसाला, भाजीत, आमटीत, रश्शात घालायचा. तुम्हाला भाकरीबरोबर खायची ती हवी असेल तर शेंगदाण्याची, लसणाची असं नाव घेऊन मागा, नाहीतर खर्डा म्हणा, तो हिरव्या मिरचीचा. पन्हाळ्यावर गेलात तर झुणका-भाकरीबरोबर मिळतो, वर गार दही, डोळ्यातनं पाणी आणि तरी हात थांबत नाही.

मसाल्याची चटणी करायचा काळ मार्च ते मे. संकेश्वरी मिरची तिखटाला, ब्याडगी रंगाला, मग धने, तीळ, खोबरं, अख्खा गरम मसाला तेलात तळून, कांदा उन्हात वाळवून तळलेला, लसूण, मीठ, सगळं डंकावर, म्हणजे कांडपयंत्रावर, कुटायचं. उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या डंकापुढं बायका डबे घेऊन नंबर लावून बसतात, तोंडाला पदर, सगळ्या शिंकतायत आणि शिंकता शिंकता एकमेकींच्या चटणीचा रंग बघून नावं ठेवतायत. माझी आई शेजारणीचा डबा उघडून वास घ्यायची आणि नुसतं 'हं' म्हणायची, त्या 'हं'वर दोन घरांत वर्षभर अबोला चालला होता. असो. घेणार असाल तर एप्रिल-मेमध्ये ताजी घ्या, बचत गटांची बरी असते, पिशवी दाबून बघा, चटणी जरा ओलसर, तेलकट लागली पाहिजे. कोरडी भुकटी असेल तर ती नुसती मिरचीपूड. घरी गेल्यावर बरणीत हिंगाचे खडे टाकून ठेवा.

आता गूळ. पिवळाधमक गूळ बघूनच तुम्ही फसलात. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत उकळतो, खाली चुलवाणात उसाचीच चिपाडं जळत असतात, रसात भेंडीचं पाणी घालतात म्हणजे मळी वर येते आणि ती काढून टाकतात. गुळव्या मधेच थोडा पाक पाण्यात टाकून बोटानं गोळी करून बघतो, त्या एका क्षणावर सगळी काहील अवलंबून. असा गूळ तांबूस, चॉकलेटीकडं झुकणारा असतो. रंग पिवळा उजळ यायला त्यात पावडरी घालतात, गिऱ्हाईकाला पिवळा आवडतो म्हणून घालतात, म्हणजे दोष थोडा तुमचाही. कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये जीआय मिळाला, शाहू महाराजांनी 1895 मध्ये गुळासाठी म्हणून शाहूपुरी पेठ वसवली, एवढा मोठा वारसा आणि आपण रंग बघून घेतो.

या ते दिवाळीनंतर, मार्चच्या आत. पन्हाळा-ज्योतिबाच्या वाटेवर गुऱ्हाळं धूर सोडत असतात, गाडी बाजूला लावा, गरम काकवी मागा, आणि तिथलाच काळपट रवा, म्हणजे गुळाची ढेप, उचला. पावसाळ्यात गूळ पाझरतो, बॅगेतले कपडे चिकट होतात, माझ्या नणंदेची पैठणी अशीच गेली. जाता जाता आजऱ्याचा घनसाळ तांदूळ दिसला तर दोन किलो घ्या, शिजताना घरभर वास सुटतो.

प्रश्न: बाई, तुम्ही दरवेळी बाहेरच्यांना आमची ठिकाणं सांगता आणि मग रविवारी आम्हालाच बसायला जागा मिळत नाही. तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या? (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर: दादा, नीट वाचा की. जी नावं सगळ्या जगाला पाठ आहेत तेवढीच लिहिलीत. आपल्या पेठेतली ती विनापाटीची खानावळ, जिथं आषाढात त्र्यंबोली देवीला पाणी वाहायच्या दिवशी रक्ती-मुंडी, बकऱ्याच्या रक्ताचं आणि डोक्याचं कालवण, मिळते आणि काकू ताट वाढताना 'कुणाचा रं तू' विचारतात, तिचा पत्ता मी छापला काय? नाही ना. मग येत्या बुधवारी माझा डबा तेवढा सांगून ठेवा.